अकरा ते चार

मे महिन्यात नागपूरचा माणूस अकरा ते चार घराबाहेर पडत नाही. हे कुणाला शिकवावं लागत नाही. बाजारहाट दहाच्या आत उरकायची, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, खसाच्या ताट्यांवर पाणी मारायचं आणि गुपचूप पडून राहायचं. ज्याला बाहेर पडल्यावाचून गत्यंतरच नाही त्यानं डोक्याला दुपट्टा गुंडाळावा, खिशात कांदा ठेवावा आणि भिंतीच्या कडेकडेनं जावं. आमच्याकडे लू लागून माणसं खरोखर मरतात, त्यामुळे या नियमाची मी थट्टा करणार नाही. माझा राग नियमावर नाहीच. माझा राग तो नियम ट्रंकेत घालून थेट समुद्रापर्यंत घेऊन गेलेल्या माणसावर आहे, आणि तो माणूस म्हणजे माझे वडील.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता काय ते जुनं उगाळतेस, असं माझी बहीण म्हणते. तिला म्हणायला काय जातं? त्या दिवशी किनाऱ्यावर ती नव्हती.

बाबा भूगोलाचे मास्तर होते. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत एका कापडवाल्याच्या गोदामावर आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत संध्याकाळी शिकवणीची पोरं बसायची, आतल्या खोलीत आई स्वयंपाक करायची. मध्ये नुसता पडदा. त्यामुळे जगातले सगळे महासागर, त्यांतले उष्ण आणि थंड प्रवाह, सामुद्रधुन्या, आखातं हे सगळं आईच्या कानावरून वीस-पंचवीस वर्षं जात राहिलं. आई चौथीपर्यंत शिकलेली होती. पोळ्या लाटता लाटता ती कधीकधी एखादं नाव पुटपुटायची आणि स्वतःशीच हसायची. बाबांना कुणी काही विचारलेलं आवडत नसे आणि स्वतः कुणाला काही विचारणं तर त्यांना कमीपणाचं वाटे. पत्ता विचारण्यापेक्षा ते दोन तास भटकतील. खरं सांगायचं तर समुद्र त्यांनी स्वतःही पाहिलेला नव्हता, पण हे घरात बोलायचं नाही, असा अलिखित कायदा होता.

आई भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठच्या गावची. लहानपणी ती म्हशींबरोबर पोहत नदीच्या पल्याड जायची, हे तिच्या भावानं आम्हाला सांगितलं, तिनं नाही. लग्न होऊन ती गांधीबागेत आली तिथे नळाला सकाळी तासभर पाणी यायचं आणि त्या तासाभरात पिंप भरायचं. पाण्यात उतरणं संपलं. साडी, दागिना, सिनेमा यांतलं काही तिनं मागितल्याचं मला आठवत नाही. मागितलं ते एकच, आणि तेही वर्षातून एखाद्या वेळी, बाबांचा मूड पाहून. मले एकदा समुद्रात उभं राहाचं आहे, म्हणायची. गुडघ्याइतक्या पाण्यात. बस. आणि बाबा म्हणायचे, पाहू.

ते पाहू पूर्ण व्हायची वेळ आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सत्तरच्या दशकाची सुरुवात. आमच्या जावयांची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, बदली कोकणात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली होती. त्यांच्या मुलाचा पहिला वाढदिवस मे महिन्यात होता, बाबांच्या शाळेला सुट्टी होती, आणि त्या गावाहून समुद्र बसनं पाऊण तासावर आहे असं बहिणीनं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र आईनं मला तीनदा वाचायला लावलं. नंतर ती गांधीबागेतूनच एक गडद रंगाचं लुगडं घेऊन आली. ओलं झालं तरी दिसायला नको, म्हणाली. मळकट पाण्याचेही डाग दिसू नयेत इतका विचार तिनं केला होता. बाबांनी मात्र कागदावर सहलीचं वेळापत्रक आखलं, शाळेचं आखतात तसं, खाली रेघ मारून.

मुंबईत उतरलो तेव्हा समुद्र तिथेच होता. स्टेशनवरून पायी गेलो असतो तरी तासाभरात आईचे पाय भिजले असते. मी तसं म्हणालेही. बाबांनी नाक मुरडलं. मुंबईचा समुद्र घाण, तिथे भेळ खाणाऱ्यांची जत्रा, खिसेकापू. जावयांच्या गावाजवळ एक किनारा आहे, शांत, कुणाला माहीतसुद्धा नाही, तिथे आपण खरा समुद्र पाहू, असं त्यांनी जाहीर केलं आणि आम्हाला सामानासकट पुढच्या बसमध्ये कोंबलं. वाटेत एका पुलावर आई खिडकीला चिकटली आणि हाच का समुद्र, असं विचारू लागली. ही खाडी, बाबा म्हणाले. नापास पोराला सांगावं तशा सुरात. आई खिडकीतून मागे सरली.

बहिणीकडे आमचे चार दिवस होते. पहिला दिवस प्रवासाच्या शिणवट्यात गेला. दुसरा वाढदिवसात. तिसऱ्या दिवशी बाबा जावयांना घेऊन किल्ला चढायला गेले, कारण वेळापत्रकात किल्ला होता. समुद्र चौथ्या दिवशी. तो दिवस पौर्णिमेचा होता आणि तो बाबांनी मुद्दाम निवडला होता. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका ओळीत काढून आईला समजावलं होतं. पौर्णिमेला तिघं एका रेषेत येतात, पाणी ओढलं जातं, उधाण येतं. म्हणजे तुला नुसता समुद्र नाही, भरलेला समुद्र दिसणार. आई मन लावून ऐकत होती. त्याच धड्यात पुढच्या ओळीत लिहिलेलं असतं की ज्या दिवशी भरती सगळ्यात मोठी, त्याच दिवशी ओहोटीही सगळ्यात मोठी, आणि दोन्हींमध्ये साधारण सहा तासांचं अंतर. ही ओळ ते पोरांकडून घोकून घेत. माझ्याकडूनही घेतली होती. म्हणजे विसरले ते एकटेच नाहीत, हे मला माहीत आहे. पण वेळापत्रक माझ्या हातात नव्हतं.

सकाळी आई पाचलाच उठली. नऊच्या आत आंघोळ, चहा, नातवाचं सगळं करून, ते गडद लुगडं नेसून ती ओट्यावर येऊन बसली. दहाची बस आहे, त्यानं जा, म्हणजे निवांत वेळ मिळेल, असं बहीण सांगत होती. तेवढ्यात शेजारच्या घरी मासळी घालायला आलेली कोळीण पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती, ती आईचा थाटमाट पाहून थांबली. कुठली, काय, विचारपूस झाली. समुद्र पाहायला जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आताच निघा. दुपारनंतर सुकती लागंल."

ती गेल्यावर बाबा हसले. सुकती म्हणजे काय, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. दुपारी ही मंडळी वाळूवर मासळी सुकत घालतात, त्याचा वास येतो, म्हणून बिचारी सांगते आहे, पण आपल्याला थोडा वास आला तर काय बिघडलं? त्यांनी हे इतक्या खात्रीनं सांगितलं की बहिणीनंही मान हलवली. ती दीड वर्ष त्या गावात राहत होती, पण लहान मूल घेऊन समुद्रावर एकदाही गेलेली नव्हती. सुकती म्हणजे ओहोटी, एवढं त्या गावातलं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. विचारलं असतं तर.

मग बाबा दाढीला बसले. दहाची बस गेली. पुढची साडेअकराची होती, आणि साडेअकरा म्हटल्यावर आमच्या नागपूरच्या बाबांनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं आणि नियम सांगितला. या वेळी कुणी बाहेर पडतं का? चारच्या बसनं जाऊ. समुद्र संध्याकाळीच पाहायचा असतो, सूर्यास्त दिसतो. मी म्हणाले, बाबा, इथे लू नसते, इथली माणसं बघा दुपारी हिंडताहेत. खरंच हिंडत होती. घामानं ओली, पण उघड्या डोक्यानं, सायकलवरून, पायी, हसत-बोलत.

"मले भूगोल नको शिकवू," बाबा म्हणाले.

त्यांनी दारं लावली. खिडक्या लावल्या. कोकणातल्या त्या घामट हवेत, जिथे वाऱ्याची एक झुळूक हाच काय तो आधार, तिथे त्यांनी समुद्रावरून येणारा वारा बंद केला आणि ओला पंचा अंगावर घेऊन घोरायला लागले. आम्ही बायका त्या बंद खोलीत पाच तास शिजलो. आई आडवी झाली नाही, लुगड्याला चुण्या पडतील म्हणून. भिंतीला टेकून बसून राहिली. मधून मधून घड्याळाकडे पाहायची. मी तिला म्हणाले, चल, आपण दोघीच जाऊ. ती म्हणाली, काहून, चारला जाऊनच राहिलो ना. त्या वेळी बारा वाजले होते. पौर्णिमेला दुपारी बारा वाजता त्या किनाऱ्यावर पाणी कुठपर्यंत चढलेलं असतं ते मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हापासून मला ती बंद खोली सहन होत नाही.

चारची बस साडेचारला हलली आणि सव्वापाचला आम्ही तिघं उतरलो. परतीची शेवटची बस सहाला होती, हे बाबांनी कंडक्टरकडून पक्कं केलं. ही एक गोष्ट त्यांनी विचारली. नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून एक वाट जात होती. आई पुढे होती. मी तिला इतकं भराभर चालताना कधी पाहिलं नव्हतं. सुरूची झाडं लागली, त्यांच्या पलीकडे उजेड मोकळा झाला आणि आई थांबली.

समोर चिखल होता. करडा, ओला, रेघारेघांचा चिखल, लांबच लांब. दोन होड्या कुशीवर कलंडून पडल्या होत्या. बारीक खेकडे पळत होते. अगदी टोकाला, आकाशाला लागून, एक पांढरी रेघ हलल्यासारखी दिसत होती आणि तिचा आवाजसुद्धा येत नव्हता. आमच्याखेरीज समुद्र पाहायला आलेलं कुणी नव्हतं. शांत किनारा हवा होता ना, तो मिळाला.

आईनं मला विचारलं, "समुद्र कुठं आहे वं?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला, आणि त्यांना सगळं समजलं आहे हे मला स्पष्ट दिसलं. तो धडा, ती ओळ, कोळणीचा शब्द, सगळं. त्या क्षणी ते चुकलो म्हणाले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते. त्यांनी घसा साफ केला आणि हाच समुद्र, ओहोटी आहे सध्या, असं सांगितलं. जणू ओहोटी वेळापत्रकातच होती.

एक म्हातारा होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता. तो आपणहून म्हणाला की तुम्ही दुपारी यायला हवं होतं, बाराला पाणी त्या सुरूच्या मुळांना लागलं होतं, आता सुकतीला काय बघणार. आता परत मध्यरात्री भरेल. बाबा त्याला हो हो, माहीत आहे, म्हणाले. मग त्यांची नजर आमच्या पायांपाशी वाळूतल्या एका खळग्याकडे गेली. त्यात वीतभर पाणी साचलं होतं.

"हे समुद्राचंच पाणी आहे," ते आईला म्हणाले. "घे पाय भिजवून."

मी आयुष्यात पुष्कळ अपमान पाहिले आहेत, माझे आणि इतरांचे. त्या वाक्याइतकं नीच मला दुसरं काही आठवत नाही. आणि त्यांना ते नीच वाटलंच नव्हतं, याचाच मला जास्त संताप येतो. ते तोडगा काढत होते. शास्त्रीयदृष्ट्या पाणी तेच होतं.

आईनं खळग्याकडे पाहिलं. मग तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि चालायला लागली. त्या पांढऱ्या रेघेकडे. पहिल्या पन्नास पावलांना वाळू घट्ट होती, नंतर तिचे पाय घोट्यापर्यंत रुतायला लागले, नंतर पोटरीपर्यंत. ती एक पाय उपसायची, पुढे टाकायची, दुसरा उपसायची. चिखलात कसं चालायचं हे तिला माहीत होतं, नदीकाठची होती ती. पडली नाही. सावकाश, पण थांबत नव्हती.

बाबांनी आधी हाक मारली ती साधी. मग घड्याळ पाहून मारली. मग ओरडायला लागले. साडेपाच झाले, बस जाईल, वेड लागलं का, पाणी वाढलं तर, लोक काय म्हणतील. लोक म्हणजे तो एक म्हातारा, आणि तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला की आत्ता काय पाणी वाढत नाही, जाऊ द्या बाईला. बाबांच्या हाका आईला ऐकू जात होत्या. पहिल्या हाकेला तर ती जवळच होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी हाक मारली आणि ती वळली नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाऊण अंतर ती गेली होती. तिच्यापुढे चिखल चमकत होता, म्हणजे तिथे पातळ पाणी सुरू झालेलं असणार. बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज बसला होता. मला म्हणाले, तू हाक मार, तुझं ऐकेल.

आई वळली. जरा वेळ ती तशीच उभी राहिली, तोंड आमच्याकडे, पाठ समुद्राकडे. मग परत यायला लागली. आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली होती. वाडीतल्या विहिरीवर एका बाईनं तिच्या पायांवर पाणी ओतलं. आम्ही धावत बसथांब्यावर गेलो, सहाच्या आत. बस सव्वासातला आली. त्या सव्वा तासात सूर्य मावळला आणि बाबांनी आम्हाला तो दाखवला. काय रंग आहेत, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला निघालो. आई त्यानंतर समुद्रावर कधी गेली नाही. बाबांची मात्र ती सहल वाढतच गेली. गल्लीतल्या बाया आल्या, पाहिला का वं समुद्र, विचारायला लागल्या, तेव्हा आईनं तोंड उघडायच्या आधी बाबांनी बाहेरून उत्तर दिलं. पाहिला म्हणजे? अहो, पौर्णिमेचा पाहिला. पुढच्या वर्षी गोष्टीत लाटा आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आई पाण्यात उतरली, लुगडं भिजलं, बाहेर यायलाच तयार नाही, शेवटी ओढून आणावं लागलं. लोक हसायचे. आईही ओठ मिटून हसल्यासारखं करायची. मी दर वेळी उठून जायची. माझं लग्न झालं, बाबा निवृत्त झाले, हुडकेश्वरकडे प्लॉट घेऊन त्यांनी लहानसं घर बांधलं, आणि गोष्ट त्या घरातही राहायला आली.

तिथेच एका रविवारी, माझ्या नवऱ्याचे आईवडील जेवायला आले असताना, बाबांनी ती पुन्हा काढली. ओढून आणावं लागलं, इथपर्यंत ते आले आणि माझं डोकं फिरलं. पाहुण्यांसमोर मी सगळं सांगितलं. बंद खोली, कोळीण, सुकती, तो वीतभर खळगा. तुमच्या अकरा ते चारपायी तिला समुद्र मिळाला नाही, आणि ती चालत निघाली तर तिथूनही तुम्ही तिला माघारी आणलं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. बाबांची मान खाली गेली. सासूबाई वाटीतला चमचा हलवत राहिल्या. इतक्या वर्षांनी एकदाचं बोलले याचं मला, खोटं कशाला सांगू, समाधान वाटत होतं. आईनं आता माझ्या बाजूनं एक शब्द बोलावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

आई वाढत होती. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"त्याईनं नाही आणलं मले वापस," ती म्हणाली. "त्याईचं मी कुठं ऐकून राहिली होती? तू हाक मारली म्हणून आली."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. तिनं माझ्या सासऱ्यांना भात वाढला, बाबांना वाढला, मग माझ्या पानाशी येऊन थांबली, आणि तिच्याकडे वर पाहायची माझी हिंमत झाली नाही. बाबांनी सांगितलं म्हणून मी हाक मारली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. पण ते सांगायच्या आधीच मी दोनदा घड्याळ पाहिलं होतं. बस चुकेल, एवढीच मला भीती वाटली होती.